आजोबांचं पदांचं पुस्तक मूळ पानांना जोडलं, त्याची हकीकत

12 जानेवारीला, रविवारी संध्याकाळी, आमच्या आजोबांकडच्या पदांच्या पुस्तकाचं काम विकिस्रोतावर (जुनी पुस्तकं सगळ्यांना फुकट वाचायला ठेवणारं विकिपीडियाचं भावंड) एकदाचं हातावेगळं झालं. सुरुवात केली होती 2024 च्या एप्रिलात, म्हणजे नऊ महिने लागले. मधे दोनदा वाटलं की सोडून द्यावं. कुणाकडे असंच एखादं जुनं पुस्तक असेल, किंवा माझ्यासारखा आधी नुसता मजकूर चढवून ठेवला असेल आणि आता तो स्कॅनला जोडायचा असेल, तर कुठे काय अडतं ते आधी कळलेलं बरं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पुस्तक छोटंसं, 112 पानांचं, 1911 साली मुंबईत छापलेलं. लेखक आमच्या भागातलेच, गोव्यातले कीर्तनकार. आजोबा घुमट (मातीच्या घटाचं तालवाद्य) वाजवायचे आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) आरत्या झाल्या की यातली पदं म्हटली जायची. 2016 च्या उन्हाळ्यात मी ते मामाकडून म्हापशाला आणून सगळं टाईप केलं आणि विकिस्रोतावर टाकलं. तेव्हा स्कॅन वगैरे काही डोक्यात नव्हतं, पुस्तक मांडीवर, लॅपटॉप पुढ्यात, रोज दोन तीन पदं. झालं की पुस्तक परत मामाच्या ट्रंकेत.

14 एप्रिल 2024 ला तिथल्या चर्चा पानावर एका वाचकाचा प्रश्न आला. अमुक पदात ‘भातात सांज’ असं आहे, ते मूळ पुस्तकात तसंच आहे का, कारण वर माडांचं वर्णन चाललंय आणि मधेच भात कुठून आलं? मला उत्तर देता येईना. मी टाईप केलंय म्हणजे असणारच, असं वाटत होतं, पण दाखवणार काय? पुस्तक डिचोली तालुक्यात ट्रंकेत आणि नेटवर फक्त माझं टायपिंग. त्याच दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं की पानाच्या वर एक पट्टी आहे, या मजकुराला स्कॅनचा आधार नाही म्हणून. आठ वर्षं ती तिथे होती की नंतर कुणी लावली ते मी शोधलं नाही, पण ती बरोबर होती.

4 मे ला, शनिवारी, मामाकडे गेले. पुस्तक कडुलिंबाच्या पाल्यात, फडक्यात बांधलेलं होतं तरी कसर लागलेलीच, शेवटच्या दोन पानांचा खालचा कोपरा पार जाळीदार झालेला. मामीने ट्रंकेतनं काढून दिलं आणि म्हणाली, आणखी दोन पावसाळे ठेवलं असतं तर मिळालं नसतं गो. पदाचं पान काढलं. ‘भाटांत’ होतं. भाटांत! माडांचं भाट, आपण रोज बोलतो तो शब्द, आणि मी टाईप करताना त्याचं भात केलं होतं, बहुतेक ‘ट’ पुसट दिसला म्हणून किंवा डोक्यात प्रमाण मराठी बसलेली म्हणून. माडाच्या बागेत उतरलेली संध्याकाळ मी आठ वर्षं भातशेतीत नेऊन ठेवली होती. फार वाईट वाटलं मला, कारण या काळात कुणी ते पद इथून उतरवून घेतलं असेल तर त्यांच्या वहीतही भातच गेलं असणार.

तिथेच ठरवलं की नुसती दुरुस्ती करून भागणार नाही, पानंच चढवायची.

झेरॉक्सवाल्याकडे अजिबात नेऊ नका, हे आधी सांगते. मी म्हापशात एकाला विचारलं, तो सरळ म्हणाला की बांधणी उघडल्याशिवाय सपाट येणार नाही. शंभर वर्षांचं पुस्तक उघडलं की परत शिवता येत नाही. मग घरीच केलं. फ्रेमवाल्याकडून कडा घासलेली एक काच (180 रुपये), फोन बरोबर वरून आडवा धरणारा स्टँड (650), आणि मामाच्या घराची बाल्कांव (दारापुढची बसायची जागा), तिथे सकाळी नऊ ते अकरा असा सावलीतला पण भरपूर उजेड असतो. ट्यूबलाईट आणि फ्लॅश दोन्ही नको, काचेवर पट्टा उठतो. पुस्तक पूर्ण पालथं उघडायचं नाही, उशीवर ठेवून आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी पानं असे फोटो घेतले आणि नंतर क्रमाने लावले. दोन रविवार गेले. कडा कापणं, वाकडी पानं सरळ करणं यासाठी स्कॅन टेलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते छान चालतं, फक्त ते कडा आपोआप कापू देऊ नका. माझे बऱ्याच पानांचे वरचे पृष्ठांक त्यात कापले गेले आणि ते पुढे मला फार महागात पडलं, सांगते.

जूनमध्ये पीडीएफ आधी इंटरनेट अर्काईव्हवर, म्हणजे नेटवरच्या फुकट ग्रंथालयात, चढवली. अपलोड करताना भाषा मराठी निवडायला विसरू नका, कारण तिथलं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारी सोय) त्यावरनं चालतं. मी ती जागा रिकामी सोडली आणि मिळालेला मजकूर म्हणजे नुसती चिन्हांची रास होती. भाषा भरून परत केलं तेव्हा बराच वाचण्यासारखा आला.

मग विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियासारख्या प्रकल्पांचं फाईलींचं सामायिक कोठार, कारण विकिस्रोत फाईल तिथनं घेतं. इथे माझी मोठी चूक झाली. अपलोडच्या फॉर्ममध्ये ‘हे माझं स्वतःचं काम आहे’ असा पर्याय असतो, मला वाटलं फोटो मी काढलेत म्हणजे तेच. तसं नाही. पुस्तक लेखकाचं, फोटो काढणाऱ्याचं नाही. तीन दिवसांत फाईलवर प्रश्न आला की लेखक कोण, वारले कधी, याला लायसन्स कुठलं. प्रश्न रास्तच होता. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराईट असतो, मोजायचं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून (1992 च्या आधी ही मुदत 50 वर्षं होती), आणि कॉमन्सवर शिवाय अमेरिकेतलाही हिशोब बघतात, पण 1911 चं छापील पुस्तक तिथे कधीच मुक्त झालंय. मला फक्त मृत्यूचं साल दाखवायचं होतं. तेच कुठे नव्हतं.

कीर्तनकारांच्या घरचे लोक साखळीजवळ राहतात असं मामाने सांगितलं. गेले. त्यांच्या नातसुनेने, आता त्या स्वतः सत्तरीच्या, आतनं एक फाईल आणली, त्यात जमिनीच्या कागदांबरोबर ओबितु होतं, पोर्तुगीजमधली मृत्यूची नोंद, 1934 ची. कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वाटणीसाठी कधीतरी काढून ठेवलेली. मी फक्त साल आणि नाव टिपून घेतलं, कागदाचा फोटो कुठे टाकला नाही, त्यावर घरच्या बाकी माणसांची नावं होती. पुस्तक नेटवर ठेवतेय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “बरें केलें बाय, आमच्याकडे एक प्रतसुद्धा उरली नाही.” साल लिहिलं, लायसन्सचा साचा (पानावर लावायची तयार पट्टी) बदलला, फाईल राहिली. तुमच्याकडे लेखकाचं मृत्यूवर्ष नसेल तर हे काम पहिलं करा, फोटो नंतर.

जुलैच्या सुरुवातीला खरं जोडकाम सुरू झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विकिस्रोतावर फाईलच्याच नावाने एक ‘अनुक्रमणिका’ पान करायचं, त्यात प्रत्येक स्कॅनला एक चौकट मिळते. चौकट उघडली की एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर. तिथे मजकूर चित्राशी ताडून बसवायचा आणि जतन करायचं. पान तपासलं की पिवळं होतं, दुसऱ्या कुणीतरी परत तपासलं की हिरवं. स्वतः पिवळं केलेलं स्वतःला हिरवं करता येत नाही, ही मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट. शेवटी पुस्तकाच्या मुख्य पानावर जो मजकूर आधी थेट चिकटवलेला होता तो काढून टाकायचा आणि त्याजागी एक ओळीचा टॅग, अमुक स्कॅनपासून तमुक स्कॅनपर्यंत. मग वाचणाऱ्याला मजकूर पूर्वीसारखाच दिसतो, पण समासात बारीक पृष्ठांक येतात, त्यावर टिचकी मारली की मूळ पान समोर.

मला वाटलं होतं की टाईप केलेलं आहेच, नुसतं ओतायचंय. एका पानाला दोन मिनिटं धरली होती. लागली पंधरा. कारण 2016 मध्ये मी सगळं आजच्या शुद्धलेखनाने टाईप केलं होतं. पुस्तकात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘जेव्हां’, ‘तूं’, असे अनुस्वार ठायी ठायी, ते मी पुसले होते, जणू काही छापणाऱ्याची चूक होती. 1962 च्या नियमांनी ते गेले, पण पुस्तक 1911 चं. आणि पदात तर तो अनुस्वार कधी कधी नाकात म्हणायचाच असतो, आजोबा म्हणायचे तसा. ओसीआरचा मजकूर घेऊन बघितला, त्यात वेगळ्या भानगडी. ‘भ’ चा ‘म’, ‘घ’ चा ‘ध’, ‘ख’ चा ‘रव’, ‘दुसऱ्या’ चं ‘दुसर्या’, आणि ओळीच्या शेवटचा दंड तर सरसकट काना. शेवटी माझंच जुनं टायपिंग ठेवून चित्राकडे बघत एकेक शब्द मूळावर आणला. रात्री जेवणं झाली की जमतील तेवढी पानं.

दोन बारीक गोष्टी. पानावरचा पृष्ठांक, वरची पुस्तकाच्या नावाची ओळ वगैरे शीर्षाच्या वेगळ्या चौकटीत टाकायचं, नाहीतर ते मुख्य मजकुरात मधेच घुसतं. आणि पान संपताना कडवंही संपत असेल तर तसं सांगावं लागतं (त्यासाठी एक रिकामा साचा आहे), नाहीतर पुढच्या पानावरचं कडवं आधीच्याला चिकटून येतं. हे मला चाळीस पानं झाल्यावर कळलं आणि चाळीसही परत उघडावी लागली.

आता ती मुख्य गोष्ट. स्कॅनच्या चौकटींना छापील पृष्ठांक द्यावे लागतात. पहिली सहा चित्रं म्हणजे कव्हर, मुखपृष्ठ, प्रस्तावना, मग सातव्या चित्रापासून पान 1. मी तसं लिहिलं आणि पुढचं आपोआप मोजू दिलं. 83 व्या चित्राला आले, चौकटीवर आकडा 77, आणि चित्रात वरच्या कोपऱ्यात छापलेलं, न कापलं गेलेलं, स्वच्छ ‘७९’. परत बघितलं. मागे मागे जात राहिले, बहुतेकांचे आकडे स्कॅन टेलरने कापलेले, म्हणून फोनमधले मूळ फोटो काढले. 46 नंतर थेट 49.

आधी वाटलं फोटो काढताना पान सुटलं. मामाला फोन केला, त्याने पुस्तक उघडून बघितलं, पानच नव्हतं. आतल्या शिवणीला कागदाची एक चिंचोळी पट्टी तेवढी होती. म्हणजे 2016 मध्येही ते नव्हतं, आणि मी न बघता 46 वरून 49 वर टाईप करत गेले होते. पदांना नंबर नाहीत, वर फक्त राग आणि ताल. 46 च्या तळाशी सुरू झालेलं एक पद आणि 49 च्या वर संपणारं दुसरंच एक पद, मी जोडून एक करून टाकलं होतं. चालही जुळत होती त्यामुळे कुणाला खटकलं नाही. मधे अख्खं एक पद होतं ते गायब. माझ्या यादीत 76 पदं होती, पुस्तकात 78.

त्या रात्री मी लॅपटॉप मिटून ठेवला आणि आठ दिवस उघडला नाही.

दुसरी प्रत कुठे असेल याची विचारपूस सुरू केली. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मी मधून मधून बसते (1832 पासूनचं ग्रंथालय, जुनं गोमंतकीय काही शोधायचं तर पहिला फेरा तिथेच मारावा), तिथे बसणाऱ्या एका वयस्कर वाचकांनी सांगितलं की फोंडा बाजूच्या एका देवस्थानाच्या कपाटात अशी कीर्तनाची पुस्तकं आहेत. देवस्थानाचं नाव लिहीत नाही. 26 जुलैला गेले. कपाट होतं, काचेतनं पुस्तकही दिसत होतं, पण किल्ली मिळेना. अर्ज द्या, समितीपुढे ठेवतो. अर्ज, आधारची झेरॉक्स, कशासाठी पाहिजे त्याचं पत्र. पंधरा दिवसांनी गेले तर अर्ज सापडेना, दुसरा दिला. 18 ऑगस्टला महाजनांची (देवस्थान चालवणाऱ्या मंडळींची) बैठक झाली, परवानगी मिळाली, पण चवथ तोंडावर, सगळे कामात, चवथीनंतर या म्हणाले. अर्ज देताना पोच घ्या, एवढंच सांगेन, मी दुसऱ्यांदा घेतली.

7 सप्टेंबरला चवथ. मामाकडे आरत्या झाल्या, घुमट, शामेळ, झांजा, आणि पदं सुरू झाल्यावर मी मोठ्या मावशीला त्या 46 व्या पानावरच्या पदाची पहिली ओळ म्हणून दाखवली. मावशी 84 वर्षांची. तिने डोळे मिटून ते पुरं केलं. आणि थांबली नाही, त्याच्या पुढचं पदही म्हटलं. जे माझ्याकडे नव्हतंच, ते! मला पहिल्या दोन ओळी ऐकताना अंगावर काटा आला. फोनवर रेकॉर्ड केलं, तीनदा म्हणून घेतलं.

घरी येऊन ते टाईपही केलं. मग बोट जतनच्या बटणावर अडलं. मावशीला येतं ते खरंच आहे, पण ते 47 व्या पानावर तसंच आहे का हे मला माहीत नव्हतं. ‘भाटांत’ च्या वेळी नेमकं हेच झालं होतं, मला वाटलं ते मी लिहिलं. तेव्हा ती दोन पानं रिकामी ठेवली.

21 सप्टेंबरला देवस्थानात गेले. कपाट उघडणारे गृहस्थ म्हणाले, “बाय, पुस्तक भायर व्हरपाक मेळचें ना, हांगाच काड फोटो.” म्हणजे पुस्तक बाहेर नेता येणार नाही, इथेच फोटो काढ. मी काच आणि स्टँड घेऊनच गेले होते. बाहेर पाऊस, आत उजेड कमी, त्यांनी स्वतः दारापाशी टेबल ओढून दिलं आणि काच धरून उभे राहिले. 47 आणि 48. पान अगदी नव्यासारखं करकरीत होतं. मग राहवेना, कसर लागलेली ती शेवटची दोन पानंही बघू म्हणून उलटली, तर या प्रतीत शेवटचे चार कागदच गेलेले. 500 रुपये देणगी दिली, पावती घेतली.

मावशीचं पद आणि पुस्तकातलं पद ताडून बघितलं. सोळा ओळी, दोन शब्द वेगळे, आणि तिसरं कडवं मावशी चौथ्याच्या जागी म्हणते. विकिस्रोतावर पुस्तकातलं ठेवलं. मावशीचा पाठ चर्चा पानावर लिहून ठेवलाय, कुणाकडून ऐकला, कधी ऐकला यासकट. दोन्ही राहिले पाहिजेत, फक्त आपापल्या जागी.

ऑक्टोबरात नवीन पीडीएफ, 118 ऐवजी आता 120 चित्रांची, कॉमन्सवर जुन्या फाईलची पुढची आवृत्ती म्हणून चढवली. आणि लगेच सगळं दोन घरं सरकलं, म्हणजे पान 49 च्या चित्रासमोर 51 चा मजकूर. चित्र 53 ते 83 अशी 31 पानं मी आधीच करून ठेवली होती, ती सगळी दोन दोनने पुढे न्यायला हवी होती. हे आपण स्वतः करायला जाऊ नका, पुढचं नाव आधीच भरलेलं असतं त्यामुळे अडतं. प्रचालकांना (विकिस्रोतावर जादा अधिकार असलेल्या स्वयंसेवकांना) विनंती केली, एकांनी दोन संध्याकाळी बसून शेवटच्या पानापासून उलटं येत सगळी हलवून दिली. त्यांना मी ओळखत नाही, ते गोव्याचेही नाहीत, पण त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, फाईल चढवायच्या आधी पुस्तक हातात घेऊन प्रत्येक चित्राचा छापील आकडा बोट ठेवून मोजा, अर्धा दिवस जाईल. तो वाचवून मी तीन महिने घालवले. त्याच महिन्यात इंटरनेट अर्काईव्ह सायबर हल्ल्यामुळे काही दिवस बंद होतं, माझं काम कॉमन्सवरच्या फाईलवर चाललं होतं म्हणून अडलं नाही, पण मूळ फोटो स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवावेत हे तेव्हा पटलं.

नोव्हेंबर डिसेंबर नुसतं तपासणं. 12 जानेवारीला मुख्य पानावरचं 2016 चं टायपिंग काढून तिथे टॅग टाकला. एकूण खर्च 1,930 रुपये, काच, स्टँड, देणगी आणि बाकी झेरॉक्स-प्रवास.

एप्रिलमध्ये प्रश्न विचारणाऱ्या वाचकांना चर्चा पानावर उत्तर लिहिलं, ‘भाटांत’ आहे, पान 28, सोबत पानाचा दुवा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते पान तपासून हिरवं केलं, आणि पुढची सहासुद्धा.

आज 112 पैकी 39 हिरवी आहेत, 71 पिवळी. 111 आणि 112 जांभळी ठेवलीत, म्हणजे अडचण असलेली, कारण कोपरा कसरीने खाल्लाय आणि चार ओळींचे शेवटचे शब्द दिसत नाहीत. मावशीला ते पद येत नाही. आमच्याकडे, डिचोली फोंड्याकडे, कुणाच्या घरी चवथीच्या आरत्यांच्या बाडात हे पुस्तक असेल तर शेवटचं पान तेवढं उघडून बघा, कोपरा शाबूत असेल तर मला कळवा. काच आणि स्टँड घेऊन मी येते.